उघाडीच्या भिंतीवरच्या चौतीस शिंपल्या

धोंडू उघाडीवाला भोळा होता, असं सांगणारे वरळीच्या कोळीवाड्यात पुढे कितीतरी वर्षं भेटत. साफ खोटं. ज्या माणसानं उभा जन्म समुद्राच्या चढउतारावर नजर ठेवण्यात घालवला, जो वाऱ्याचा नुसता वास घेऊन मचवे माघारी बोलवायचा, ज्याला शिळी मासळी ताजी म्हणून दाखवायची बाजारात कुणाची छाती होत नसे, तो भोळा कसला? त्याची अक्कल फक्त एका माणसापुढे गप्प बसायची. दुर्दैव असं, की उघाडीची चौकशी झाली तेव्हा नेमका तोच माणूस साहेबाच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता.

गोष्ट प्लेग यायच्या तीन-चार वर्षं आधीची. त्या काळी परळ-लालबागचा मधला भाग ताटासारखा खोलगट होता. चारी बाजूंचं पावसाचं पाणी तिथे उतरायचं आणि एका नाल्यानं पश्चिमेला वरळीच्या समुद्राकडे जायचं. जायचं म्हणजे समुद्रानं जाऊ दिलं तर. भरतीला समुद्र शहरातल्या जमिनीच्या वर चढे आणि खारं पाणी नाल्यातून उलटं आत घुसू पाही. म्हणून नाल्याच्या तोंडाशी दगडी बांध घातला होता आणि बांधात सागवानी दार बसवलं होतं. साखळी आणि चरखीनं ते वरखाली होई. ह्या दाराला म्हणायचं उघाडी. भरती लागली की दार पाडायचं, ओहोटी लागली की उचलायचं, एवढंच काम. फक्त ते दिवसातून चार वेळा करायचं, वर्षाचे बारा महिने, आणि एकदाही चुकायचं नाही.

आता दार बंद असताना धो धो पाऊस आला तर आतलं पाणी कुठे जाणार? त्याच्यासाठी बांधाच्या आत खाजण होतं. पाच-सहा शेतं मावतील एवढी खोल जागा. उन्हाळ्यात तिथे नुसता चिखल आणि बगळे. पावसाळ्यात मात्र भरतीचे पाच-सहा तास शहराचं पाणी त्या खाजणात थांबून राहायचं आणि उघाडी उचलली की निघून जायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती पडीक जमीन वाटे. धोंडूला वाटत नसे, कारण ती कुठल्या साली किती भरली ह्याची नोंद त्याच्या घरानं भिंतीवर ठेवली होती.

ही रीत त्याच्या बापाची, लवूची. लवूला अक्षर येत नव्हतं. दसऱ्याला चरखीला झेंडू बांधून झाला, की त्या पावसाळ्यात खाजणाचं पाणी बांधाच्या आतल्या भिंतीवर जिथवर चढलं होतं तिथे तो ओला चुना थापायचा आणि त्यात कालवाची एक शिंपी दाबून बसवायचा. एका सालाची एक शिंपी. लवूच्या एकोणीस, त्याच्यामागून धोंडूच्या पंधरा. काही कमरेएवढ्या उंचीवर, काही छातीएवढ्या, आणि एक, लवू वारला त्या सालची, धोंडूच्या डोक्याच्याही वर. बघणाऱ्याला वाटावं, पोरांनी खेळता खेळता चिकटवल्यात. धोंडू त्या भिंतीसमोर उभा राहिला की चौतीस पावसाळे ओळीनं म्हणून दाखवायचा.

ही भिंत वाचता येणारा जगात आणखी एकच माणूस होता, कमलाकांत.

खाजणाची जमीन गिरगावातल्या एका जुन्या प्रभू घराण्याची होती आणि कमलाकांत त्या घरचा धाकटा मुलगा. लहानपणी तो वडिलांबरोबर बग्गीतून जमीन बघायला येई आणि मोठी माणसं बोलत बसली की बूट काढून धोंडूमागे चिखलात उतरे. धोंडू त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला पोहायला धोंडूनं शिकवलं, जिवंत खेकडा मागून कसा धरायचा ते धोंडूनं शिकवलं, आणि बांधावर बसून भरतीचं गणितही धोंडूनंच शिकवलं. गणित अगदी सोपं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती पुरी. अवसेला पंधरा धरायचे, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दहा वर्षांच्या कमलाकांतनं हे तेव्हाच्या तेव्हा उचललं आणि दिवसभर बोटं मोजत धोंडूच्या मागे लागला.

"धोंडू, एकादशीला सव्वाआठ! बरोबर?"

"बरोबर, भाऊ," धोंडू म्हणाला. त्या दिवसापासून कमलाकांत त्याचा भाऊ झाला तो कायमचा.

पुढे भाऊ इंग्रजी शिकला, नाल्या-गटारांच्या कचेरीत ओव्हरसियर झाला आणि ही उघाडी त्याच्याच हाताखाली आली. धोंडूला कोण आनंद! त्याची बायको मंजुळा गिरगावात मासळी विकायला जायची, तेव्हा पहिली पाटी भाऊच्या ओट्यावर उतरे. सरंगा असो की घोळ, त्या घरचा हात लागेपर्यंत ती दुसऱ्याला दाखवत नसे. "घासाघीस करताना तुमचा भाऊ कोळनीलापन रडवील," असं ती घरी येऊन म्हणायची. धोंडूला त्याचंसुद्धा कौतुक.

एका चैत्रात सकाळी भाऊ उघाडीवर आला. भिंतीवरून हात फिरवून म्हणाला, "धोंडू, ही आता पडायला आली. कचेरी नवा बांध घालणार आहे. आणि उघाडी एक नाही, दोन. पलीकडून दुसरा रुंद नाला काढायचा ठरलाय."

"आनि खाजान?"

"त्याची थोडी कड भरून घेऊ. दोन उघाड्या झाल्यावर पाणी थांबणारच कशाला? तुला काय सांगायला हवं!"

"आनि ह्या?" धोंडूनं शिंपल्यांवर हात ठेवला.

"त्यांच्यासाठीच तर मुद्दाम आलोय." भाऊनं खिशातून चोपडी आणि मोजायची फीत काढली. "तू एकेकीचं साल सांग, मी उंची मोजून लिहून घेतो. मग त्या काढून जपून ठेव. नव्या भिंतीवर जिथल्या तिथे बसवू. तुझ्या बापाची आठवण आहे. कुणा गवंड्यानं फावड्यानं उडवायला नको."

बापाचं नाव निघालं आणि धोंडू विरघळला. साहेबलोकांच्या कचेरीतला माणूस लवूची आठवण ठेवतो, ह्यानंच त्याचा ऊर भरून आला. सगळी सकाळ दोघं भिंतीपाशी बसले. धोंडू साल सांगे, त्या सालच्या पावसाची एखादी गोष्ट सांगे, भाऊ फीत लावून लिही. मग मासळी कापायच्या सुरीनं धोंडूनं एकेक शिंपी उचकटली, पुसली आणि पेंढा घातलेल्या टोपलीत ओळीनं ठेवली. हे काम त्यानं स्वतःच्या हातांनी केलं. भाऊनं साधं बोटही लावलं नव्हतं.

"खड्डे चुन्यानं भरून घे हां," भाऊ जाता जाता म्हणाला. "साहेब बघायला येणार आहेत. बरं दिसत नाही."

आठ दिवसांनी साहेब आला. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर त्यानं छडी आपटली, खाजणाकडे हात करून भाऊला काहीतरी विचारलं. भाऊनं मान हलवून नाही म्हटलं. साहेब खूश होऊन बग्गीत बसला. रुमाल छातीशी धरून धोंडू कडेला उभा होता आणि ही दोघं नव्या उघाडीचंच बोलतायत असं समजून मनात मांडे खात होता.

त्यानंतर शिवडीच्या टेकडीची माती घेऊन बैलगाड्या येऊ लागल्या. ती 'थोडी कड' वाढत वाढत दसऱ्याला निम्म्या खाजणावर गेली आणि पुढच्या शिमग्याला पलीकडच्या काठाला टेकली. तो आणि त्याच्या पुढचा, दोन्ही पावसाळे नशिबानं नरम गेले. धोंडू अधूनमधून विचारी, "भाऊ, दुसरी उघाडी?" भाऊ म्हणे, "मंजूर झालीय रे. कागद वर गेलाय." कागद वर गेला तो गेलाच. भाऊच्या घरानं जमीन केव्हाच एका गिरणीवाल्याला विकली होती, हे धोंडूला कळलं ते पाया खणायला आलेल्या मजुरांच्या तोंडून. तरीही त्याला वाटलं, भाऊच्या डोक्यात काहीतरी असेल. त्याला तसं वाटून घ्यायचं होतं, दुसरं काय!

गिरणी कामगारांसाठी तिथे तीन चाळी उठल्या. कोकणातून माणसं आली, तळमजल्यावर चुली पेटल्या. मंजुळा पाटी घेऊन तिथूनच जायची. एक दिवस ती तडकली, "तुमी त्याना सांगत का नाय, ही पान्याची जागा हाय म्हनून?"

"भाऊ बघतोय."

"भाऊ बघतोय, भाऊ बघतोय! गिरगावात बसून तुमचा भाऊ हितलं काय बघतोय?"

धोंडू ताटावरून उठला. बायकोवर रागावणं सोपं होतं.

आषाढातली दिव्याची अवस उजाडली ती पावसानंच. अवसेचं उधाण, सव्वाअकराला भरती पुरी. साडेआठला समुद्र नाल्याच्या वर चढू लागला तसं धोंडूनं दार पाडलं. पाऊस थांबेना. दरवर्षी ह्या वेळी खाजण भरू लागे. आता खाजण नव्हतं, चाळी होत्या. पाणी आपलं नेहमीच्या वेळेला नेहमीच्या जागी आलं. दहाला चाळींच्या तळमजल्यावर गुडघाभर झालं, साडेदहाला कमरेएवढं, आणि माणसं ओरडत बांधावर धावली.

"दार उघड! मारतोस काय आम्हाला? दार उघड!"

दोघांनी चरखीला हात घातला. धोंडू तिच्यावर आडवा पडला. "उघडलं तर समुद्र आत येल! बघा तरी वर येऊन!" कुणी बघेना. त्या गर्दीतून एक बाई तेवढी बांधावर चढली. ती रखमा, मालवणकडची, गिरणीत कामाला. पाणी भरल्याचं कळून काम टाकून आली होती. धोंडूनं तिला कडेशी नेलं. एका अंगाला शहराचं गढूळ पाणी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि समुद्र आतल्या पाण्याच्या चांगला हातभर वर. मधलं दार कुरकुरत होतं. रखमानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"ह्या कधी उतरात?"

"दोन वाजता. त्याच्या आदी नाय."

"माझी सासू तापान खाटीर पडलीहा," ती म्हणाली. "खालच्या खोलयेत." आणि ती आली तशी बांध उतरून पाण्यात गेली. तिला परत जाताना बघून बाकीचेही शिव्या देत मागे फिरले.

दोनला धोंडूनं दार उचललं. पाणी ओसरायला दिवेलागण झाली. तोवर तळमजल्याच्या खोल्यांत दाराच्या चौकटीवर ओल चढली होती. रखमाला घरात शिरताच आलं नव्हतं. म्हातारी खाटेखाली सापडली. सणासाठी घासूनपुसून ठेवलेली समई कोनाड्यात जागच्या जागी होती, चिखलानं भरलेली.

चौथ्या दिवशी कचेरीत चौकशी बसली. धोंडू धुतलेला सदरा घालून, शिंपल्यांची टोपली डोक्यावर घेऊन गेला. साहेबाला मराठी येत नव्हतं. दुभाषा म्हणून शेजारच्या खुर्चीत भाऊ होता. त्याला बघून धोंडूच्या जिवात जीव आला. आपली बाजू आपल्यापेक्षा हाच नीट मांडील, असं त्याला वाटलं.

तो बोलायला लागला तो थांबेचना. अवस, उधाण, खाजण, बाप, चाळी, दुसरी उघाडी, सगळं सांगितलं. भाऊनं ऐकून घेतलं आणि साहेबाला चार शब्दांत उरकलं. उघाडीच्या तपासणीला साहेब यायचा, त्यामुळे 'गेट' आणि 'शट' एवढं इंग्रजी धोंडूला कळे. ते दोन्ही शब्द त्याला ऐकू आले. बाकी फारसं काही नव्हतंच.

"भाऊ, खाजनाचं सांगितलंव?"

"सांगितलं."

धोंडूनं टोपली उतरवली आणि साहेबाच्या टेबलावर शिंपल्या मांडू लागला. ओळीनं, सालवार, एकही न चुकता. "ही बाप गेला त्या सालाची. भाऊ, तुमची ती चोपडी काढा. हिची उंची तुमी सोता लिवलीय. साहेबाला दाखवा, तिच्याएवढंच पानी चाळीत चढलं."

भाऊ खाली मान घालून साहेबाशी बोलला. त्या बोलण्यात एक शब्द धोंडूच्या घरचा होता. पूजा. "आह, पूजा," साहेब म्हणाला, हसला, आणि कडेला सरकलेली एक शिंपी पेन्सिलीनं अगदी अदबीनं त्याच्याकडे ढकलली.

धोंडूला त्या क्षणी सगळं कळलं. भिंत का पांढरी करून घेतली, इथवर पाणी चढतं का असं साहेबानं छडी आपटून विचारलं तेव्हा भाऊनं मान कशाला हलवली होती. चोपडीही कचेरीपर्यंत कधी पोचली नव्हती. भिंतीवरून उतरलेली शिंपी कुणाला काही सांगू शकत नाही, हे त्याच्याआधी त्याच्या शिष्याला उमगलं होतं.

"भाऊ," तो म्हणाला, "एवढंच सांगा साहेबाला. अवसेला भरती कवा? तुमाला ठावं हाय."

साहेबानं भाऊकडे पाहिलं. भाऊनं इंग्रजीत उत्तर दिलं, आणि मग धोंडूकडे न बघता तेच मराठीत म्हटलं, "मी सांगितलं, भरतीचं मला काही कळत नाही. ते कोळ्यांचं काम."

दार वेळेवर उघडलं नाही, असा ठपका येऊन धोंडूची नोकरी गेली. नोकरीचं दुःख त्यानं पचवलं असतं. 'एकादशीला सव्वाआठ' म्हणून बोटं मोजत मागे धावणारा तो मुलगा मात्र त्याच्या डोळ्यांपुढून जाईना. टेबलावरच्या चौतीस शिंपल्या त्यानं एकट्यानं उचलल्या. भाऊ कागद चाळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मंजुळा भरली पाटी घेऊन गिरगावातल्या त्या ओट्यावरून पुढे निघाली. भाऊच्या बायकोनं, उर्मिलानं, आतून हाक मारली, "अगं मंजुळे, आज काय आणलंस?" मंजुळा वळलीसुद्धा नाही. "आज काय नाय, वैनी," म्हणाली. पाटीतून सरंग्याच्या शेपट्या बाहेर दिसत होत्या.

चाळीतली माणसं आता धोंडूला बघून तोंड फिरवायची, म्हातारीला बुडवणारा म्हणायची. हे त्याला सहन होईना. दोन पिढ्यांत त्याच्या घराला असं कुणी बोललं नव्हतं. खरं काय ते डोळ्यांनी बघणारं एकच माणूस होतं, रखमा. म्हातारीचे दिवस झाल्यावर तो टोपली घेऊन तिच्या दाराशी गेला. तिनं चारचौघांत एवढंच सांगावं, की समुद्र वर होता; तेवढ्यावर त्याचं नाव धुऊन निघालं असतं.

ती उंबऱ्यावर बसली, तो बाहेर उकिडवा. त्यानं तिला सगळं सांगितलं, भाऊचं बालपण, फीत, चोपडी, पूजा. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे हय पाणी भरता, ता तुमका म्हायत होता?"

"हां."

"आमी रवाक इलो तेव्हापण?"

"हां. पन भाऊ बोललेला, दुसरी उघाडी..."

"माका तुमचो भाऊ म्हायत नाय," रखमा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माका तुमी दिसत होतास. रोज. थय बांधार. कामार जाताना मी तुमका बघी, तुमी माका बघी होतास. एक दिवस तरी बोलाचा." ती टोपलीकडे बघत राहिली. "भित्तीवरसून हे काढले कोणी?"

"मी," धोंडू म्हणाला.

इतके दिवस तो आपलं कुणी काय केलं हेच उगाळत होता. ह्या बाजूनं त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. भाऊनं फसवलं ते खरंच, पण ह्या बाईला भाऊनं कधी तोंड दाखवलं नव्हतं. तिच्यासमोर रोज उभा राहून गप्प बसला होता तो धोंडू. त्याला इतकी लाज वाटली की तिच्याकडे मागायला आणलेलं मागणं त्याच्या तोंडातून निघेना. तो उठला, टोपली तिथेच ठेवून निघून गेला.

रखमाला वाटलं, गेला. तासाभरानं तो ओला चुना घेऊन परत आला. तिच्या दाराच्या चौकटीवर ओलीची रेघ होती, तिच्यावर त्यानं चुना थापला आणि टोपलीतली सगळ्यात मोठी, बाप गेला त्या सालची शिंपी हातात घेतली. रखमानं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि उंच होऊन स्वतः दाबली. शेजारचा एकजण येऊन विचारू लागला, हे काय चाललंय.

"सांगा," रखमा धोंडूला म्हणाली.

धोंडूनं सांगितलं. समुद्र वर होता हे त्यानं सांगितलंच नाही. भाऊचं नावही घेतलं नाही. ऐकून तो माणूस धोंडूच्या पायाशी थुंकला आणि आत निघून गेला. धोंडूनं त्याच्या दारावर रेघ शोधली, चुना थापला, शिंपी दाबली. मग टोपली उचलून पुढच्या दाराशी गेला, कडी वाजवली, आणि दार उघडल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"मी उघाडीवाला धोंडू. हितं खाजान होतं. अवस-पुनवेला पाऊस असला तर म्हातारी मानसं वरच्या माळ्यावर न्या. भिंतीवर खुना होत्या, त्या मी काढल्या."